दंग्याचं साल

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक ठरलेला प्रश्न असतो. वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. तीस वर्षं हे पेपर तपासले. 'जेरीस येणे', 'मेटाकुटीला येणे', 'नाकी नऊ येणे', 'गळ्याशी येणे' यांपैकी काहीही विचारा, मुलं अर्थ लिहिणार 'खूप त्रास होणे'. चूक म्हणता येत नाही, गुण द्यावेच लागतात. पण प्रत्येक वेळी लाल पेन क्षणभर थांबायचं. कारण हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. त्रास होतोय एवढंच ते सांगत नाहीत. त्रास सोसवेनासा झाला की माणसाचं पुढे काय होतं, तेही त्यात दडलेलं आहे.

'जेर' हा फारसीतून आलेला शब्द. जेर म्हणजे खाली. घोड्याने मान वर करू नये म्हणून त्याच्या पोटाखालून तोंडाकडे जो पट्टा नेतात तो जेरबंद. तेव्हा जेरीस आलेला माणूस म्हणजे खाली दाबलेला, मान वर न करू शकणारा. 'मेटाकुटी'बद्दल आमचे अण्णा (म्हणजे माझे वडील) सांगायचे की मेटं म्हणजे दुमडलेला गुडघा, आणि ओझ्याखाली बैलाने गुडघे टेकले की तो मेटाकुटीला आला. 'नाकी नऊ'चा अर्थ नवही द्वारांतला प्राण नाकाशी गोळा झाला असा सांगतात. या तिन्हींत माणूस किंवा जनावर खाली बसतं. उठत नाही.

दुसरी एक जात आहे. 'पापाचा घडा भरला', 'शंभर अपराध भरले'. शिशुपालाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. इथे सोसणारा काहीच करत नाही, कुणीतरी वर बसून मोजतो आहे आणि तो योग्य वेळी बघून घेईल असा भरवसा आहे. तिसरी जात 'बांध फुटला', 'भडका उडाला', 'पाणी डोक्यावरून गेलं' यांची. इथे माणूसच नाही! पाणी आहे, आग आहे. 'कडेलोट' मात्र वेगळा. ती शिक्षा होती. रायगडाचं टकमक टोक त्यासाठीच दाखवतात. कुणीतरी कुणालातरी ढकलत असे. आज आपण 'संयमाचा कडेलोट झाला' म्हणतो, म्हणजे आपलाच संयम आपणच ढकलून देतो आणि वर 'झाला' म्हणतो.

तर मुद्दा असा, की दबलेला माणूस बसतो, किंवा देव बघतो, किंवा पाणी फुटतं. माणूस उठला, विचार करून उठला, आणि ठरवलेलं तेवढंच काम करून घरी गेला, याला आपल्या वाक्प्रचारांत जागा नाही. आणि असं एकदा घडलं आहे. आमच्याच मुलखात, १८७५ साली. नात्यातली मंडळी हे वाचतील म्हणून आधीच सांगते, यात आपल्या घराचाही थोडा संबंध आहे.

आजी त्याला 'दंग्याचं साल' म्हणायची. ती जन्मली त्याच्या वीस वर्षं नंतर, म्हणजे तिनेही ऐकलेलंच. इतिहासाच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' म्हणून एक परिच्छेद असायचा, तो मी वर्षानुवर्षं शिकवला. परिच्छेद संपला की पुढे काँग्रेसची स्थापना. आता निवृत्तीनंतर वेळ आहे म्हणून जरा सावकाश लिहिते.

कर्ज आपल्याकडे नवं नव्हतं. सावकारही नवा नव्हता. सावकार आपल्या ऋणकोला 'कूळ' म्हणत असे, हा शब्दच बघा. वसुलीसाठी तगादा लावत. हा शब्द अरबी-फारसीकडून आला. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याचं वर्णन आहे. ऋणकोला घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, जेवू द्यायचं नाही, उन्हात बसवायचं. वाचताना अंगावर काटा येतो. पण धरणं धरून बसलेला माणूस स्वतःही उपाशी बसत असे, हे त्यातलं विसरू नये. म्हणजे वसुली करणाऱ्याच्या पोटालाही चिमटा बसे. शिवाय त्याला त्याच गावात राहायचं असे, त्याच विहिरीचं पाणी प्यायचं असे. किती ताणायचं याला आपोआप एक हद्द पडे. त्या काळाची आरती ओवाळावी असं मला मुळीच म्हणायचं नाही. उन्हात बसवलेल्या माणसाला विचारा.

इंग्रजी अमलात तगाद्याच्या जागी कोर्ट आलं. सावकाराने खत दाखवायचं, कोर्टाने विचारायचं, सही तुझी का? अंगठा तुझा का? हो म्हटलं की हुकूमनामा. पुष्कळदा कूळ हजरच नसे, मग एकतर्फी हुकूमनामा. मूळ मुद्दल किती, व्याज किती, फेडलं किती हे विचारायचं कोर्टाला कारण नव्हतं. कागद बोलत होता. सावकाराला आता उपाशी बसायची गरज उरली नाही.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा आला. साध्या खताची मुदत तीन वर्षं. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये हा. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार जुनं खत बदलून घेई आणि तोवरचं व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून लिहिलं जाई. म्हणजे शंभराचे दीडशे, दीडशेचे सव्वादोनशे, आणि मधल्या काळात घरात एक पैसाही नवा आलेला नाही. मुलांना चक्रवाढ व्याज शिकवताना गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण द्यावं, असं मी स्टाफरूममध्ये म्हणत असे. कुणी ऐकलं नाही. असो.

१८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आमचा भाग कापसाचा नव्हे, पण पैसा खेळायला लागला. रेल्वेची कामं चालू होती, बैलगाड्यांना भाडं होतं, बाजरीला दर होता. सावकार हात सैल सोडून उधार देत होते. युद्ध संपलं, भाव कोसळले. नेमक्या त्याच वेळी जमीनमहसुलाची तीस वर्षांची मुदत संपली. १८३६ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी आकारणी सुरू केली होती, ती १८६७ मध्ये नव्याने झाली आणि इंदापुरात सारा निम्म्याहून जास्त वाढला. मग पाठोपाठ भीमथडी, हवेली आणि इतर तालुके. चांगल्या वर्षांचे भाव धरून आकारणी, आणि भरायचा तो वाईट वर्षांत. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध माहिती गोळा केली, अर्ज केले. सारा भरायला पुन्हा सावकाराकडेच जायचं आणि सावकार आता नवी उधारी देईना, जुनी मागे. दोन्ही बाजूंनी दाबणं म्हणजे काय ते याला म्हणतात. जेरीस आले, मेटाकुटीला आले, जो शब्द घ्याल तो लागू.

आता इथपर्यंतचं वाचून कुणी म्हणेल, मग भडका उडणारच. मला हे पटत नाही. दाब तर दहा वर्षं होता. आणि भडका उडाला तो आधी भडका नव्हताच.

शिरूर तालुक्यात करडे नावाचं गाव आहे. तिथे १८७४ च्या डिसेंबरात काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांच्या कर्जासाठी हुकूमनामा मिळवला. घर ताब्यात आलं आणि सावकार ते पाडायला लागला. देशमुख म्हणजे गावातलं मानाचं घर. कुणब्याची जमीन दर वर्षी जात होतीच, तेव्हा कुणी गावभर चर्चा केली नाही. देशमुखाच्या घराची भिंत पडताना मात्र सगळ्यांनी पाहिली. मला वाटतं, आकड्यांनी जे कळत नव्हतं ते या भिंतीने कळलं. त्याचं हे झालं, तर आपलं काय?

तरी गाव पेटलं नाही. गावाने ठरवलं. मारवाड्याच्या दुकानातून कुणी काही घ्यायचं नाही. त्याची जमीन कुणी कसायची नाही. न्हावी त्याची हजामत करणार नाही, परीट कपडे धुणार नाही, सुतार-लोहार-चांभार काम करणार नाहीत. जो सावकाराशी व्यवहार ठेवील त्याच्याशीही व्यवहार बंद. आपल्याकडे याला 'वाळीत टाकणे' म्हणतात. एरवी हा शब्द उच्चारताना मान खाली जाते, कारण वाळीत टाकले ते बहुतेक वेळा दुबळेच. करड्याला पहिल्यांदा तो खालून वर वापरला गेला असं म्हणायला हरकत नाही. इंग्रजीतला 'बॉयकॉट' हा शब्द आयर्लंडमधल्या कॅप्टन बॉयकॉटवरून पडला, तो १८८० मध्ये. म्हणजे करडेकरांनंतर सहा वर्षांनी!

आसपासच्या गावांनी करड्याचा कित्ता गिरवला. काही सावकारांनी बाडबिस्तरा बांधून तालुक्याचं गाव गाठलं. पण वाळीत टाकून खत रद्द होत नाही. सावकार गेला तरी पेटी त्याच्याबरोबर गेली, आणि पेटीत कागद.

मग १२ मे १८७५. बुधवार, सुप्याचा बाजार. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आता बारामतीत आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतलं ते सुपे. आसपासच्या खेड्यांतले लोक बाजाराला म्हणून जमले आणि त्यांनी गुजर सावकारांच्या दुकानांवर चाल केली. मागणी एकच, खतं काढा. चोपड्या, खतं, हुकूमनामे रस्त्यात आणून जाळले. धान्य आणि कापडही लुटलं गेलं, घरंही पेटली, ते झाकायचं कारण नाही. चोवीस तासांच्या आत चौदा मैलांवरच्या एका गावात मोठ्या सावकाराच्या गंजी आणि घर पेटलं. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतली तीसहून जास्त गावं उठली. लष्कर आणावं लागलं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसं पकडली, त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाली.

सरकारने त्याच वर्षी चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. शीर्षकातच 'रायट्स' असा शब्द आहे. आपण त्याचं भाषांतर 'दंगे' करून घेतलं आणि दीडशे वर्षं तेच म्हणतो. पण त्याच अहवालात आयोगाने काय नोंदवलं ते महत्त्वाचं. लोकांचा हेतू जवळजवळ सगळीकडे खतं मिळवून ती नष्ट करण्याचा होता. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे बहुधा मारहाण झाली नाही. एवढ्या मोठ्या उठावात रक्तपात किती थोडा झाला याचं आयोगालाच नवल वाटलं. आता सांगा, बांध फुटलेलं पाणी असं निवडून निवडून वाहतं का? त्याला कागद आणि माणूस यांतला फरक कळतो का?

खतांचं हे वेड आजच्या मुलांना समजावताना मला तुकोबांची गोष्ट उपयोगी पडायची. देहूच्या या घरात सावकारी होती. तुकोबांनी खतांची वाटणी केली, निम्मी भाऊ कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली अशी परंपरा आहे. अभंगांच्या वह्या नदीतून वर आल्या ते सगळ्यांना पाठ असतं, खतं वर आली नाहीत हे कुणी सांगत नाही. तिथे सावकारानेच सोडली म्हणून तो संत. सुप्याला ऋणकोंनी हिसकावून जाळली म्हणून ते आरोपी. कागद मात्र तसलाच. सावकाराची मोजदाद कागदावर असते. कुळाची मोजदाद लिहिलेली नसते, म्हणून तर त्याला घडा आणि शंभर अपराध लागतात.

आणि आता आपल्या घराचं. माझे खापरपणजोबा भीमथडीतल्या एका गावचे कुलकर्णी होते. थोडीफार सावकारीही करत. घरात गोष्ट अशी सांगतात, की दंग्याच्या साली माणसं वाड्यासमोर आली, खापरपणजोबांनी स्वतः दप्तर ओट्यावर आणून ठेवलं आणि 'घ्या' म्हणाले. कुणी हात लावला नाही. नमस्कार करून गेले. अण्णा ही गोष्ट सांगताना ताठ बसत. आपलं घर किती न्यायी, याचा तो दाखला.

गोष्ट खरी असेल. मला एवढंच म्हणायचं आहे, की ती न्यायाचा दाखला होत नाही. आयोगाने हेही नोंदवलं आहे, की रोख मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. तोच धंदा करणारे ब्राह्मण आणि इतर स्थानिक सावकार बरेचसे वाचले. त्यांचे व्याजाचे दर कमी होते म्हणून? सगळ्यांचे नव्हते. मारवाडी बाहेरचा होता, त्याला लग्नाकार्यात बोलवायचं नव्हतं, पंचांग विचारायचं नव्हतं. कुलकर्ण्याच्या हातात तर गावाचं सारं दप्तर. त्याच्या वाकड्यात शिरून जगायचं कसं? उठलेल्या माणसानेही किती उठायचं हे मोजलं होतं, ते असं. आणि परक्या सावकारांची खतं तरी लिहिली कुणी? मोडी लिहिता येणारं गावात दुसरं होतं कोण?

आमच्या शेतावर कामाला येणारी एक म्हातारी होती, आजीच्याच वयाची. ती याच सालाला 'खतं जाळली ते साल' म्हणायची. आजी आणि ती उखळाशी बसून एकाच वर्षाबद्दल बोलत, एक हे नाव घेई, दुसरी ते, आणि दोघींना एकमेकींचं समजे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. दोन वेगळी सालं आहेत असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.

पुढचं थोडक्यात. १८७६ ते ७८ दुष्काळ पडला, त्यात माणसं इतकी मेली की कर्जाचा हिशेब बाजूला राहिला. फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी त्याच शिरूर भागातल्या धामारीवर पहिला दरोडा घातला. त्याला लोक 'बंड' म्हणू लागले, कारण त्याला सरकार उलथायचं होतं. चार वर्षांत एकाच तालुक्याने वाळीत टाकणं, दंगा आणि बंड असे तीन शब्द पाहिले. त्याच १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांपुरता. कोर्टाला आता खताच्या मागे जाऊन मूळ देणंघेणं तपासायचा अधिकार मिळाला, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, खतं गावच्या नोंदणी अधिकाऱ्यापुढे करायची असं ठरलं. ५०१ जणांच्या शिक्षेने एवढं तरी मिळालं.

सावकारही हुशार. गहाणखत असेल तर कोर्ट मागचा हिशेब काढतं, मग गहाणखत करायचंच नाही. सरळ खरेदीखत करायचं, जमीन विकली असं लिहून घ्यायचं, आणि तोंडी सांगायचं की पैसे फेडलेस की परत देईन. हे इतकं वाढलं की पुढे १९०७ मध्ये कायद्यात त्यासाठी वेगळं कलम घालावं लागलं.

माहेरच्या जमिनीतला ओढ्याकडचा तुकडा आपल्याकडे खरेदीखताने आला आहे. खत १८८४ चं. ते अजून दादाकडच्या पत्र्याच्या पेटीत आहे, मोडीत आहे, आणि अण्णा म्हणायचे की रीतसर पैसे मोजून घेतलेली जमीन आहे. मला मोडी अडखळत येतं आणि आता डोळेही साथ देत नाहीत. भाचरांपैकी किंवा पुतण्यांपैकी कुणी मोडी शिकलं असेल तर दिवाळीत येऊन ते मला वाचून दाखवावं. किंमत किती लिहिली आहे आणि विकणाऱ्याचं नाव काय, एवढंच मला हवं आहे.